जहाजाच्या पाठीवर बसलेला

वांगी त्या दिवशी बाराच्या आत खपली, नाहीतर गुलाबराव टॉकीजच्या वाटेला गेलाच नसता. दिवाळी दोन दिवसांवर आलेली. वाशीमच्या बाजारात माणसाला माणूस घासत होता आणि गोजराबाईने पणत्या, वाती, उटणं अशी लांबलचक यादी नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन त्याला घरून धाडलं होतं. पण रिकामी टोपली आणि रिकामा वेळ एकदम हाताला लागले की चाळिशी उलटलेला माणूसही जरा वाह्यात होतो. तीनच्या खेळाला तो सगळ्यांत पुढच्या बाकावर, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसला. खऱ्या चित्राआधी लढाईच्या बातम्या दाखवत. कुठे तोफा, कुठे गोरे साहेब, कुठे पूल. त्यात त्याला गम्य नव्हतं. तो शेंगदाण्याची टरफलं टोपलीत टाकत बसला होता. मग मध्येच एक जुनाट, पिवळट, ओरखड्यांनी भरलेला तुकडा सुरू झाला. करड्या पाण्यावर एक लढाऊ जहाज एका अंगाला कलंडत होतं, आणि भिंत ओली झाल्यावर मुंगळे बाहेर पडावेत तशी काळी काळी माणसं त्याच्या कुशीवरून उतरत होती. गुलाबरावाचा हात टोपलीवर थांबला.

त्याचे ओठ आपसूक हलायला लागले. शेजारच्याने वळून पाहिलं तेव्हा त्याला कळलं की आपण मोठ्याने बोलतो आहोत. आता डोलकाठी पाण्याला टेकेल, असं तो म्हणत होता, आणि डोलकाठी पाण्याला टेकली. आता पोट वर येईल. पोट वर आलं. तेवीस वर्षं झाली, पण ती अडीच मिनिटं त्याच्या अंगात गायत्रीमंत्र मुंजवाल्याच्या अंगात नसेल इतकी पक्की बसली होती. आता शेवटी तो दिसेल. सगळे पळत असताना जहाजाच्या पालथ्या पाठीवर एकटाच उकिडवा बसलेला माणूस, शेताच्या धुऱ्यावर चिलीम ओढायला बसावा तसा. आणि तो होता. इतकी वर्षं, इतक्या लढाया, राजे आले नि गेले, आणि हा गडी आपला तसाच बसलेला. गुलाबरावाला आधी विलक्षण आनंद झाला. जत्रेत जुना दोस्त भेटल्यावर होतो तसा. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

पण मागून कोणीतरी बोलत होतं. पडद्याला आता आवाज होता, एका जाडसर, कडक इस्त्रीच्या माणसाचा आवाज, आणि तो हिंदुस्तानीत सांगत होता की ही मागच्या लढाईची दुर्मिळ तसबीर आहे. जर्मनांच्या दोस्त राजाचं हे जहाज. पहाटे एका एवढ्याशा बोटीने त्याला खाली भोक पाडलं, आणि सोबतच्या दुसऱ्या जहाजावरून कोणीतरी ही तसबीर काढली. जहाजावर हजारावर आदमी, सगळे त्याच मुलखाचे. त्यांच्या आरमारात पोहता आल्याशिवाय कोणाला घेत नसत, म्हणून शंभरही बुडाले नाहीत, बाकी सगळे पोहून निघाले. आपल्या जवानांनीही पोहायला शिकावं, असं सांगून आवाज दुसऱ्या बातमीवर गेला. तिथे कुठलीशी लाटसाहेबीण रुग्णालयात फुलं वाटत होती. गुलाबरावाने तिच्याकडे पाहिलं नाही. 

सगळे त्याच मुलखाचे, हे वाक्य त्याने मनात पुन्हा म्हणून पाहिलं. आणि पोहून निघाले. मुख्य चित्र सुरू झालं, त्यात गाणी होती, लोक शिट्ट्या मारत होते. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र शेलूबाजारचं ते पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. हंगाम सरल्यावर रिकामं पडलेलं कापसाचं गोदाम, फटींना गोणपाट लावून भरदुपारी काळोख केलेला, आणि मशीनच्या झोतातून संथ उडणारे कापसाचे पिंजलेले कण. त्या फिरत्या सिनेमाचा मालक बाबूलाल मशीनचा दांडा फिरवायचा. खांडव्याकडचा माणूस, मिशा कापडाच्या दुकानदाराच्या, छाती पहिलवानाची आणि काळीज सशाचं. कापसाच्या गोदामात उघडा दिवा लावून पटकन पेट घेणारं रीळ फिरवायचं हा धंदा सशाच्या काळजाचा नव्हे, म्हणून तो खेळभर रामरक्षा पुटपुटत असे आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवी. तंबू, मशीन, रिळांच्या पेट्या आणि दोन माणसं एवढा संसार एका बैलगाडीवर घेऊन ते शिरपूर, शेलू, मंगरूळ, पोहरादेवी असे बाजार नि जत्रा धरत फिरायचे. गाडीच्या मागे पाय सोडून बसलेला तेविशीतला गुलाब, पळसाची झाडं मागे मागे जाताहेत, आणि पुढच्या गावात आपण काय बोलणार याची घशात गुदगुली. तसं सुख पुढे त्याला लग्नातही मिळालं नाही, आणि हे गोजराबाईला ठाऊक होतं.

कारण गुलाबच्या घशात काहीतरी होतं. माळ्याचं पोर, चार इयत्ता शिकलेलं, बापाच्या मळ्यात वांग्या-मिरच्यांना पाणी देताना नि बाजारात भाजी विकताना गायचं, ते बाबूलालने ऐकलं. मुक्या चित्राला सांगणारा लागतो. पडद्याच्या बाजूला वेताची काडी घेऊन उभं राहायचं आणि लोकांना सांगायचं, हा कोण, ही कोण, तो काहून पळून राह्यला. चित्रात इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्या ना बाबूलालला वाचता येत, ना गुलाबला. तेव्हा वाचायची कटकट नव्हती. जहाजाच्या रिळावर तर पाटीच नव्हती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या भंगारातून ते भेंडोळं आलं होतं, पुढचा नि मागचा भाग कोणीतरी कापून नेलेला. जहाज कुणाचं, कुठे बुडालं, कधी, काही ठाव नाही. आईबाप नसलेल्या लेकराला जो सांभाळेल त्याचं नाव लागतं, तसं त्या जहाजाला गुलाबने नाव लावलं. एक नव्हे, दर गावाला वेगळं. वाशीमला ते दुष्मनाचं असे आणि ते बुडाल्यावर टाळ्या पडत. शिरपूरला देवळाच्या दर्शनाला आलेली मुंगीलाही न मारणारी मंडळी समोर बसायची, तिथे त्याने एकालाही बुडू दिलं नाही; शेवटी एक मोठा मासा येऊन सगळ्यांना पाठीवर घेऊन गेला, तो मासा चित्रात का दिसत नाही असं कोणी विचारलं नाही. लबाडी म्हणून त्याने हे कधी केलं नाही. लोकांचं तोंड पाहावं आणि त्यांच्या पानात जे नाही ते वाढावं, एवढंच.

शेलूला त्या दिवशी पुढच्या रांगेत बंजाऱ्यांच्या तांड्यावरची माणसं बसली होती. बाजाराला आलेली, बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे अंधारातही चमकत. लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती, आणि त्या मुलखातले बरेच जण खच्चरांबरोबर समुद्रापार बसऱ्याच्या लढाईवर गेलेले गुलाबला माहीत होतं. त्याने जहाज बसऱ्याला धाडलं. काडी पडद्यावर फिरवत तो म्हणाला की पाहा, यात आपल्या वऱ्हाडातली माणसं आहेत, कोणी मंगरूळचा, कोणी मानोऱ्याचा, हा पाहा कसा पळून राह्यला. कुठे एक बाई हुंदकली. गुलाबच्या अंगावर रोमांच उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर ते दुःखाचे नव्हते. आपल्या एका शब्दाने दोनशे माणसांचा श्वास अडतो, ही चव ज्याने चाखली त्याला कोणती भाजी गोड लागणार? बाबूलालने दांडा मुद्दाम हळू फिरवला. जहाज सावकाश, सन्मानाने बुडालं.

गोणपाटं काढली, उजेड आत आला, लोक डोळे चोळत उठले. एक बाई उठली नाही. पंचविशीची असेल, कोपराच्या वर दंडापर्यंत पांढरा चुडा, कानशिलांवर चांदीच्या घुगऱ्या. ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे तिचा तरणा दीर आणि तांड्याचा नायक हरिसिंग. तिचं नाव सुंदरबाई. तिचा नवरा लखीराम सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराची खच्चरं हाकत मुंबईला गेला, तिथून बसऱ्याला जातो असा निरोप आला, मग काही नाही. पलटणीच्या कागदात नाव नाही, कारण तो पलटणीचा नव्हताच. कचेरीतल्या बाबूने तीनदा हाकलून दिलं. हे सगळं नायकाने सांगितलं. तिने एवढंच विचारलं.

"तो एकटा बसला व्हता, पाठीवर. लखीराम असाच बसे. तुले नावं ठाव हायेत ना त्याइची? तो लखीराम व्हता का?"

या क्षणाकडे गुलाबराव आयुष्यभर पुन्हापुन्हा गेला होता. मिरच्यांची रोपं लावताना, मोट हाकताना, लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना. आजही टॉकीजमध्ये नायिका झोपाळ्यावर गात असताना तो तिथेच गेला. तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय होतं? बाबूलाल पाहत होता, बाहेर दुसऱ्या खेळाला लोक जमले होते, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला सगळं ठाऊक आहे. माहीत नाही असं म्हणायचं म्हणजे आपण काडी फिरवत दोनशे माणसांपुढे थापा मारल्या हे कबूल करायचं. पण तेवढंच नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की तिला हो हवं आहे. नवऱ्याला पुन्हा एकदा पाहायला मिळाल्याचं हो. त्या होच्या पाठीमागून काय चालत येणार आहे हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्याच्या घरी जहाज बुडालं की रीळ उलटं गुंडाळून पेटीत ठेवत.

तो हो म्हणाला. लखीरामच व्हता, म्हणाला. वर आणखी एक शब्द जोडला, की शेवटपर्यंत भ्याला नाही.

नायकाने मान हलवली. बाईने त्याच्या पायांना हात लावला, त्याच्या, एका माळ्याच्या पोराच्या, आणि ती माणसं निघून गेली. दुसऱ्या दिवशी गुलाब-बाबूलालची गाडी तांड्यावरून जात होती तेव्हा रडणं ऐकू आलं. बंजाऱ्यांच्या बायका रडतात ते गाण्यासारखं असतं, एकीच्या गळ्यात गळा घालून दुसरी, आणि प्रत्येक ओळीत मेलेल्याचं नाव. बैल पाणी प्यायला थांबले म्हणून त्याला सगळं दिसलं. मध्ये बसवून दोन म्हाताऱ्या तिच्या दंडावरचा चुडा उतरवत होत्या. तो हाडाचा, वर्षानुवर्षं बसलेला, तुपाने निसरडा करून एकेक वळं खाली ओढत होत्या. त्याखालची कातडी कोवळी, गोरी, ऊन कधी न पाहिलेली. गुलाबने तोंड फिरवलं. पुढच्या मुक्कामी पोहरादेवीला त्याने जहाज दाखवलं, पण त्याचा घसा धरला, आणि बाबूलाल चिडून म्हणाला की तुला झालंय काय. महिन्याभरात तो मळ्यात परतला. बापाला वाटलं, पोर सुधारलं.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. रीतीप्रमाणे तिला धाकट्या दिराला दिलं, अमरसिंगाला. चुडा पुन्हा चढला. पोरं झाली, शेत झालं, अमरसिंग भला माणूस निघाला. मग वाईट काय झालं, असं गुलाबराव स्वतःला विचारी. नाहीतरी लखीराम परतला नाहीच, म्हणजे कुठेतरी बुडालाच असेल. आपलं जहाज नसेल, दुसरं असेल. पुढे पुढे तर त्याला वाटायला लागलं होतं की कोणी सांगावं, त्या जहाजावर असतीलही आपली माणसं. चुलीवर दूध ठेवून माणूस विसरतो, तसं त्याने ते खोटं मनाच्या मागच्या चुलीवर ठेवून दिलं, आणि तेवीस वर्षांत ते आटून आटून खरं होत आलं होतं. फक्त शेलूच्या बाजाराला तो भाजी घेऊन कधी गेला नाही. आता एका इस्त्रीच्या आवाजाने अडीच मिनिटांत तेही मोडून टाकलं.

घरी तो पणत्या न घेता गेला. गोजराबाईने काय ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्याने तिला सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली नाही. मेलेलं मढं कायले उकरून राह्यले, असं म्हणाली. त्या बाईचा संसार झाला, तुमी आपला करा. शहाणपणाचंच बोलली. पण त्याला राहून राहून तो पालथ्या जहाजावरचा माणूस दिसत होता, तो उठतो, अंगरखा काढतो आणि पाण्यात उडी टाकून पोहत निघून जातो. इतकी वर्षं आपण त्याला बसवून ठेवला होता. खरं सांगून टाकलं की आपण सुटू, एवढंच त्याला कळत होतं. त्याने सुटू हाच शब्द वापरला, ती सुटेल असं नव्हे.

दिवाळीच्या अवसेला सकाळी तो शेलूच्या मोटारीत बसला. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशावर चाले. चढ आला की प्रवासी उतरून ढकलत आणि काळेठिक्कर होऊन पुन्हा चढत. शेलूपासून तांडा कोसभर. रस्ता तोच, पळसही तेच असावेत. गुलाबरावाला वाटत होतं, वळणावर बाबूलालची गाडी दिसेल, पेट्यांवर पाय सोडून बसलेला कोणी तरुण गाणं म्हणत येईल. त्या तरुणावर त्याला राग येत नव्हता, हेच वाईट होतं. आजही त्याला त्याचा हेवा वाटत होता.

अमरसिंगाच्या अंगणात माणसं जमली होती. मधोमध गोवरीचे निखारे, शेजारी पातेल्यात गुळाची लापशी आणि तूप. दिवाळी-होळीला बंजारे मेलेल्यांना असं जेवायला घालतात. एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाचा तुपातला घास निखाऱ्यावर ठेवायचा. धबुकार म्हणतात त्याला. अजून सुरुवात व्हायची होती. सुंदरबाईचे केस पिकले होते, दंडावर चुडा होता. त्याने रामराम घातला, आता ओळख देणार, तशी तीच म्हणाली की आवाजावरून ओळखलं, बस भाऊ, वेळेवर आलास. तिने त्याला पाट दिला. त्याने तो घेतला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. टॉकीजचं, त्या दूरच्या राजाचं, पोहता येणाऱ्या माणसांचं. शेवटी म्हणाला, "मले कोनाचंबी नाव ठाव नव्हतं, बाई. म्या खोटं बोल्लो."

सुंदरबाई निखाऱ्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "मंग तो बसला व्हता, तो कोन?"

"कोनी त्या मुलखाचा. पोहून वाचला असंन."

"बरं झालं त्याचं," ती म्हणाली. तिला ते खरंच बरं वाटलेलं दिसलं.

ती रडेल, शिव्या देईल, अमरसिंग अंगावर येईल, हे सगळं त्याने मोटारीत योजून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. तिने पातेलं पुढे ओढलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. सासऱ्याचं घेतलं, अमरसिंगाने घास निखाऱ्यावर ठेवला, तूप तडतडलं, ज्योत उठली. सासूचं घेतलं. जन्मून पाचव्या दिवशी गेलेल्या एका लेकराचं घेतलं. मग अमरसिंगाने पुढचा घास हातात घेतला आणि तो थांबला. तेवीस वर्षं या घासाला कोणाचं नाव येतं ते सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. नाव आलं नाही. तूप त्याच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं.

"घे ना नाव," अमरसिंग म्हणाला.

"जित्या मानसाचा घास इस्तवात टाकतेत का?"

अमरसिंगाने मान वर केली. म्हातारा होत चाललेला, सरळ, कष्टाचा माणूस. त्याने बायकोकडे पाहिलं, दारात उभ्या आपल्या दोन पोरांकडे पाहिलं. आपण या घरात तेवीस वर्षं कोण होतो हे त्याला जणू आत्ता कोणीतरी विचारलं होतं. मग तो गुलाबरावाकडे वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

"भाऊ, तू सांगनारा मानूस. तो मेला का जिता हाये, तेवढं सांग."

आणि गुलाबरावाला कळलं की एक शब्द पुरे आहे. मेला, एवढं म्हटलं की घास निखाऱ्यावर पडेल, ज्योत उठेल, माणसं जेवायला बसतील. शब्द जिभेवर येऊन बसलासुद्धा. घशात ती जुनी गुदगुली झाली. त्याने ओठ मिटून घेतले.

"मले ठाव नाई," तो म्हणाला.

सुंदरबाई उठली. नवऱ्याच्या हातातला घास तिने आपल्या हातात घेतला, एका वाटीत ठेवला, वाटीवर झाकण घातलं आणि ती घरात नेऊन ठेवली, उशिरा येणाऱ्याचं जेवण ठेवतात तशी. बाहेर येऊन ती पुन्हा आपल्या जागी बसली. तेव्हा गुलाबरावाला दिसलं की तिची नजर अंगणाच्या तोंडाकडे, रस्त्याकडे गेली आहे, आणि त्याच्या त्या होच्या आधी या बाईने सहा वर्षं अशीच नजर लावली होती.

"तुयं वझं उतरलं," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "जाय आता."